दंतवैद्यकाचा प्रवेश आणि समाजसेवेची नोंद

दंतवैद्यकाकडे वळणारी मुले आणि त्यांचे पालक आपल्यासारख्या संस्थांकडे 'समाजसेवेचे प्रमाणपत्र' मागतात. ते कोठे उपयोगी पडते आणि कोठे नाही, हे समजून घेणे जरूर आहे.

आपल्याकडे बी.डी.एस.चा प्रवेश 'नीट' परीक्षेवर ठरतो. ७२० पैकी गुण किती, प्रवर्ग कोणता, पसंतीक्रम काय, हेच मुख्यतः पाहिले जाते. कोणी दहा वर्षे रक्तदान शिबिरे भरवली तरी अर्धा गुण वाढत नाही. पद्धत कोरडी खरी. परंतु मुलाखतीतल्या वशिल्याला तीत जागा नाही, हा तिचा गुण आपल्या समाजाने कमी लेखू नये.

अमेरिकेतील रीत निराळी आहे. तेथे विद्यार्थी आधी काही वर्षे महाविद्यालयात शिकतो, मग दंतवैद्यकाची प्रवेश परीक्षा देतो आणि बहुतेक महाविद्यालयांसाठी एकच मध्यवर्ती अर्ज भरतो. त्यात गुणांखेरीज स्वयंसेवा, दंतवैद्याजवळ बसून केलेले निरीक्षण, नोकरी यांचेही रकाने असतात. काम कधी केले, किती तास केले, हे लिहावे लागते. पुढे निबंध, शिफारसपत्रे आणि मुलाखत.

एवढी चौकशी कशासाठी? त्या श्रीमंत देशातही गरिबाला दंतवैद्य सहज मिळत नाही. २००७ साली मेरीलँड राज्यात एका बारा वर्षांच्या मुलाच्या किडलेल्या दाताचा संसर्ग मेंदूपर्यंत गेला आणि तो दगावला. वेळेवर दात काढला असता तर पोर वाचले असते. अशा वस्तीत उद्या कोण जाईल, याचा अंदाज महाविद्यालये अर्जदाराच्या मागील कामावरून घेऊ पाहतात. अर्थात सेवेमुळे कमी गुण झाकले जात नाहीत. शिवाय एका दिवसाच्या पाच शिबिरांपेक्षा दोन वर्षे दर शनिवारी एकाच दवाखान्यात केलेले काम अधिक बोलते. म्हातारी रुग्ण दुसऱ्यांदा का आली नाही, हे ज्याने विचारले असेल त्यालाच मुलाखतीत सांगता येते.

या पद्धतीत एक खोट आहे. फुकट सेवेला सवड खात्यापित्या घरच्या मुलाला अधिक. संध्याकाळी दुकानात राबणाऱ्याने काय करावे? म्हणूनच नोकरीचा रकाना महत्त्वाचा. घरासाठी केलेले कष्ट लिहिण्यात कमीपणा मानू नये.

येथे बी.डी.एस. करून पुढे अमेरिकेतील दंतवैद्यक पदवीसाठी वरच्या वर्गात प्रवेश घेणारे आपल्याकडचे विद्यार्थी आहेत. त्यांच्या अर्जातही सेवेला स्थान असते. खोटी माहिती आढळल्यास मिळालेला प्रवेशही जातो. म्हणून न केलेल्या कामाचे प्रमाणपत्र देणे म्हणजे उपकार नव्हे. कॅशियरकडे भरणा न होता पासबुकात रक्कम चढवण्यासारखाच तो प्रकार!

काम मात्र पुष्कळ आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात तथागतांनी भिक्खूंना दातवणाची अनुज्ञा दिली आहे. ते न वापरण्याचे पाच तोटे सांगितले आहेत. तोंडाची दुर्गंधी आणि अन्नाची रुची न लागणे हे त्यांपैकी दोन. दातवण आठ बोटांहून लांब व चार बोटांहून आखूड नसावे, इथपर्यंत नियम आहे. वर्षावासात विहारात जमणाऱ्या उपासक-उपासिकांना एखाद्या विद्यार्थ्याने हे सांगून मग मिश्रीचा आणि गुटख्याचा विषय काढावा. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, तरी पुड्या गटारात दिसतातच. यवतमाळ, चंद्रपूरकडील काही गावांत पाण्यातील फ्लोराईडने मुलांचे दात डागाळतात. तेथे दंतवैद्याबरोबर जाऊन मुलांची नोंद करण्यासही हात हवेत.

यासाठी संस्थेने एक साधी वही ठेवावी. तारीख, ठिकाण, काम, तास आणि देखरेख करणाऱ्याची सही, एवढे रकाने पुरेत. सही त्याच दिवशी घ्यावी, मागील तारखेची नोंद करू नये, आणि प्रमाणपत्र केवळ त्या वहीवरूनच लिहून द्यावे.