मातीची ऊब

मुलांनो, बी उगवण्यासाठी काय लागते, असे विचारले तर तुम्ही लगेच सांगाल, "पाणी आणि हवा." उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. बियाला आणखी एक गोष्ट लागते. ती म्हणजे मातीची ऊब.

बियाच्या पोटात कोंबासाठी अन्न साठवलेले असते. पाणी मिळाले की बी फुगते. आतील पिठूळ अन्नाची साखर होते आणि त्या साखरेवर कोंब वाढतो. हे काम योग्य उबेतच नीट चालते. माती फार गार असेल, तर काम मंदावते. फुगलेले बी ओल्या मातीत तसेच पडून राहते. मग त्याला बुरशी लागते आणि ते कुजते. उलट माती फार तापली, तर कोवळा कोंब करपतो.

आता पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांकडे पाहू. पश्चिमेला सह्याद्रीचे डोंगर आहेत. तिथे पाऊस भरपूर पडतो व भात पिकतो. पूर्वेला पाऊस कमी आहे. परंतु कुकडी नदीवर माणिकडोह व येडगाव, मीना नदीवर वडज आणि घोड नदीवर डिंभे ही धरणे आहेत. त्यांच्या पाण्यामुळे पावसाळा संपल्यावरही पिके घेता येतात.

समजा, एका शेतकऱ्याला उन्हाळी बाजरी पेरायची आहे. डिसेंबरमध्ये शेत मोकळे आहे, कालव्याला पाणी आहे, बियाणेही घरात आहे. मग तो थांबतो कशासाठी? कारण माती गार आहे. तापमान 10 अंश सेल्सिअसच्या खाली गेले, तर बाजरी नीट उगवत नाही. घाई केली, तर उगवण विरळ होते आणि दुबार पेरणी करावी लागते. बियाण्याचे पैसे जातात, मेहनतही वाया जाते. म्हणून जाणता शेतकरी जानेवारीच्या मध्यानंतर, थंडी ओसरू लागली की पेरतो. मात्र फार उशीर करूनही चालत नाही. पीक कडक उन्हात फुलोऱ्यावर आले, तर कणसात दाणे कमी भरतात.

गव्हाची गोष्ट वेगळी. त्याला थंडी मानवते. ऑक्टोबरचा उकाडा सरला की नोव्हेंबरमध्ये गहू पेरतात. 20 ते 25 अंश तापमानात तो चांगला उगवतो.

बटाटाही थंड मातीचा मित्र आहे. माती फार तापली, तर तो जमिनीखाली पोसत नाही. आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारावर मात्र बटाटा पावसाळ्यात घेतात. उंच पठार, ढगाळ आकाश आणि पावसाची ओल यांमुळे तिथली माती त्या दिवसांत थंड राहते.

आपल्या हंगामांची नावेही पाहा. 'खरीप' आणि 'रब्बी' हे शब्द अरबीतून आले आहेत. तुम्ही उर्दूत 'ख़रीफ़' आणि 'रबी' म्हणता. ख़रीफ़ म्हणजे शरद ऋतू, रबी म्हणजे वसंत ऋतू. ज्या ऋतूत पीक हाती येते, त्याचेच नाव हंगामाला मिळाले. 'हंगाम' हा शब्दही फारसीतला आहे. त्याचा अर्थ 'वेळ'. शेतीत वेळेला किती मोल आहे, हे या एका शब्दातच आले. पेरणीची वेळ कॅलेंडर सुचवते, पण शेवटचा कौल मातीच देते.

शब्दार्थ
अपुरे – पूर्ण नसलेले
ओसरणे – कमी होणे
विरळ – दूर दूर, दाट नसलेले
दुबार – दुसऱ्यांदा
कौल – निर्णय

स्वाध्याय
1. गार मातीत बियाचे काय होते?
2. पाणी असूनही शेतकरी डिसेंबरमध्ये बाजरी का पेरत नाही?
3. सातगाव पठारावर पावसाळ्यात बटाटा का पिकतो?
4. विरुद्धार्थी शब्द लिहा : गार, विरळ, उंच, घाई.
5. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे पाच शब्द लिहा.

उपक्रम : दोन कुंड्यांत मेथी पेरा. एक उन्हात, दुसरी सावलीत ठेवा. दोन्हींना सारखे पाणी घाला. कोणत्या कुंडीत कोंब आधी दिसतो, याची रोज नोंद करा.