भाव, बियाणं आणि भरलेलं डोकं

पीककर्जाच्या कामात माझं निम्मं आयुष्य वऱ्हाडात गेलं. शेतकऱ्याला अडाणी म्हणणाऱ्यांशी माझं कधी पटलं नाही. एका डोक्यात एका वेळी किती मावतं हे ध्यानात घेतलं, की त्याचे निर्णय कळू लागतात.

१. जुना भाव मनातून निघत नाही. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेला. लांब धाग्याचा हमीभाव तेव्हा ६,०२५ होता. पुढच्या हंगामात आठ हजारांचं गिऱ्हाईक दारात उभं असताना अकोट-दर्यापूरकडे घरोघरी कापूस भरून ठेवलेला. लेकरांच्या अंगाला खाज सुटली, तरी काढला नाही. "दहा हजार डोयानं पाह्यला ना भाऊ, आता आठात कसा देऊ?" वास्तविक मे २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात पाउंडाला दीड डॉलरवर असलेला भाव ऑक्टोबरपर्यंत निम्म्यावर आला होता. पण तो आकडा गावात कोणी सांगितलाच नाही. मे २०२३ पर्यंत इथला भाव सात हजारांच्या आसपास उतरला.

२. शेजाऱ्याची पराटी (कपाशी) हाच सल्ला. बीटी बियाण्याच्या थैलीची कमाल किंमत सरकार ठरवतं, त्यामुळे किमतीवरून वाणाची पारख होत नाही. कृषी केंद्रात नावं ढीगभर. मग गेल्या साली कोणाला चांगलं पिकलं, एवढंच विचारलं जातं. माणूस सर्वोत्तम शोधत बसत नाही, पुरेसं सापडलं की थांबतो, असं हर्बर्ट सायमन यांनी मांडलं; १९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. मला यात शहाणपण दिसतं. धोका एवढाच, की सगळे एकाच वाणामागे धावतात आणि मे महिन्याच्या उन्हात रांगा लागतात.

३. टंचाई डोकं व्यापते. २०१३ मध्ये 'सायन्स'मध्ये तमिळनाडूच्या ४६४ ऊस उत्पादकांचा अभ्यास आला. तोच शेतकरी तोडणीनंतर, हाती पैसा असताना, बुद्धीच्या चाचणीत तोडणीआधीपेक्षा सरस ठरला. आमच्याकडे जूनमध्ये कर्जाचं नवं-जुनं, शाळेचा खर्च, बियाणं आणि पाऊस एकदमच येतात. म्हणून कर्जाची, विम्याची बोलणी मी फेब्रुवारीतच उरकायला लागलो. तेव्हा लोक प्रश्न विचारत. जूनमध्ये नुसती सही करत.

४. जुन्या भावात अडकू नये म्हणून, कोणत्या भावाला किती कापूस विकायचा, हे वेचणीआधी घरच्या बाईसोबत वहीत लिहावं.

५. सगळ्यांनी एकाच वाणामागे धावू नये म्हणून अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं हलक्या आणि भारी जमिनीसाठी चार-चार वाणांचं एक पान छापावं, आणि ते एप्रिलमध्ये प्रत्येक कृषी केंद्राच्या दारावर लागावं.