लोंकरीची धुलाई व रिठा

पाऊसकाळ सरला म्हणजे घरोघर घोंगड्या धुण्यास निघतात. सुती कपड्यांची जी रीत तीच लोंकरीस लावून पुष्कळ ठिकाणीं त्या सोड्याच्या कढत पाण्यांत बुडवितात, धोंड्यावर आपटतात व पिळून दोरीवर टाकतात. मग वर्षानुवर्षें चालावयाची घोंगडी दोनतीन धुण्यांतच आखडून पुठ्ठ्यासारखी होते. दोष विणणाऱ्यास दिला जातो. आमच्या मतें तो बहुधा धुणाराचा असतो.

कापूस वनस्पतिजन्य असल्यामुळें खार सोसतो. लोंकर ही आपल्या केसांनखांच्याच जातीची, केराटीन नांवाच्या प्रथिनाची बनलेली आहे, आणि खार त्या प्रथिनास खातो. शेंकडा ५ कास्टिक सोडा असलेल्या उकळत्या पाण्यांत लोंकर कांहीं मिनिटांत विरघळून जाते. कापूस तसाच राहतो. धुण्याचा सोडा इतका जहाल नाहीं, तरी कढत पाण्यांत तो तेंच काम सावकाश करतो. शिवाय लोंकरीच्या तंतूवर माशाच्या अंगासारखे सूक्ष्म खवले असतात. ऊन पाण्यांत घासाघास झाली कीं ते एकमेकांत अडकतात व पुन्हा सुटत नाहींत. नमदा याच गुणावर तयार होतो. घोंगडीस मात्र हा गुण बाधतो.

साधा साबणही खारटच. त्यांतून विहिरीचें पाणी जड असलें म्हणजे फेस न होतां चिकट साका तंतूंस धरून बसतो. रिठ्याचे ठायीं हे दोन्ही दोष नाहींत. त्याचा फेस सॅपोनिन या द्रव्याचा असून तें फळाच्या सालींत असतें, काळ्या बींत नसतें. म्हणून बी काढून टाकावी. वीस फळांच्या साली दोन लिटर पाण्यांत रात्रभर भिजत घालून सकाळीं कुसकराव्या, गाळून घ्याव्या व तें पाणी घंगाळभर कोमट पाण्यांत मिसळावें. फेस पुरेसा न आल्यास आणखी घालावें. हाताचें कोपर बुडविलें असतां सुखकर वाटेल इतकीच ऊब असावी. ४० अंशांपुढें जाऊं नये.

घोंगडी आधीं झटकून अर्धा तास थंड पाण्यांत ठेवावी. नव्या घोंगडीस चिंचोक्याची खळ असते, ती येथेंच सुटूं लागते. नंतर रिठ्याच्या पाण्यांत हातांनीं दाबून-सोडून मळ काढावा. चोळूं नये, तुडवूं तर मुळींच नये. खळबळण्याचें पाणीही तितकेंच कोमट असावें, कारण ऊबेंतून एकदम थंडींत गेलेली लोंकर आटते. पिळण्याऐवजीं कोरड्या धोतरांत गुंडाळून दाबावी व बाजेवर सावलींत पसरावी. ओली घोंगडी दोरीवर टांगली तर स्वतःच्याच भारानें ओढली जाते.

रेशीमही प्रथिनच असल्यामुळें त्यास हीच रीत लागू आहे. जरीचें वस्त्र मात्र घरीं भिजवूं नये.

ज्यांच्या स्वतःच्या मेंढ्या आहेत त्यांनीं कातरलेली लोंकर धुण्यापूर्वीं थंड पाण्यांत भिजवावी. मेंढीच्या घामाचे क्षार त्यांत उतरतात. त्यांत पालाश पुष्कळ असतें, म्हणून हें पाणी वाया न दवडतां झाडांच्या बुडाशीं घालावें. राहिलेला चिकट मेणचटपणा ४० अंशांच्या सुमारास वितळतो व रिठ्यानें निघतो. माती, गोखरू व लेंड्यांसकट विकलेल्या लोंकरीस भाव कमी मिळणारच. धुतलेल्या मालाचा सौदा निदान डोळ्यांसमोर तरी होतो.

रिठ्याचें पाणी डोळ्यांत गेल्यास झोंबतें, व माशांस तें विषारी आहे. सबब तें तळ्यांत किंवा ओढ्याच्या डोहांत ओतूं नये. रिठ्याचें झाड फळावर येण्यास बरींच वर्षें लागतात. बांधावर जागा असेल त्यांनीं धुण्यासाठीं फोडलेल्या फळांच्या काळ्या बिया टाकून न देतां, भिजवून पावसाळ्यांत लावाव्या.