आरोग्यविषयक संदेशांची पारख

पूर्वी औषधोपचाराची माहिती डॉक्टर, वैद्य किंवा घरातील वडीलधारी मंडळी यांच्याकडून मिळत असे. आज पुण्यात लिहिलेला मजकूर ग्वाल्हेरच्या खासगी बाजारातील मराठी कुटुंबाच्या मोबाइलवर क्षणार्धात पोहोचतो. तो आप्ताने पाठविलेला असल्याने खरा वाटतो. परंतु पाठविणारा विश्वासू असला म्हणून मजकूर विश्वसनीय ठरत नाही.

नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात ९ महिने ते १५ वर्षांच्या आतील मुलांसाठी गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू झाली. त्या सुमारास या लसीने वंध्यत्व येते, असे खोटे संदेश पसरले. वस्तुतः गरोदरपणी रुबेला झाल्यास गर्भाला अपाय होतो व लस तोच टाळते. म्हणजे ज्या लसीने भावी पिढीचे रक्षण होते, तिच्याविषयीच विपरीत भीती पसरविली गेली. २०२२ च्या अखेरीस मुंबईत, विशेषतः गोवंडी भागात, गोवराची साथ येऊन काही बालके दगावली. साथीची कारणे अनेक होती. तथापि बाधितांत लस न घेतलेल्या मुलांचे प्रमाण मोठे होते.

दुसरे उदाहरण कावीळ ‘उतरविण्याचे’. दूषित अन्नपाण्यातून होणारी ‘अ’ प्रकारची कावीळ बहुतेक रुग्णांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. साहजिकच त्या काळात केलेल्या कोणत्याही उपायाला श्रेय मिळते. परंतु कावीळ पित्तनलिकेत खडा अडकल्यानेही होते. तेथे विलंब घातक ठरतो. म्हणून ‘मला गुण आला’ हे एकाचे कथन पुरावा नव्हे. उपाय केलेल्या व न केलेल्या अनेक रुग्णांची तुलना केल्यावरच उपायाचा गुण कळतो.

कोणताही संदेश वाचताना पुढील कसोट्या लावाव्यात :

(१) माहिती देणारी व्यक्ती वा संस्था कोण? नाव दिले असल्यास ती संस्था स्वतः तसे सांगते काय?

(२) मजकूर कोणत्या तारखेचा आहे?

(३) आधार अनेक रुग्णांच्या अभ्यासाचा आहे की एकाच्या अनुभवाचा?

(४) त्यातून कोणाची विक्री होते? सर्व रोगांवर एकच औषध सांगितले आहे काय?

(५) भीती घालून ‘ताबडतोब पुढे पाठवा’ असा आग्रह आहे काय?

यांपैकी एकाचेही उत्तर समाधानकारक नसल्यास संदेश पुढे पाठवू नये. त्याच्या आधारे मधुमेह, रक्तदाब वा क्षयरोगाची चालू औषधे तर मुळीच बंद करू नयेत. शंका असल्यास गावातील वाचकाने प्राथमिक आरोग्य केंद्रात, शहरातील वाचकाने शासकीय रुग्णालयात विचारणा करावी.

शिक्षकांनी असा एखादा संदेश वर्गात फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांकडून या कसोट्यांवर तपासून घ्यावा. ग्रामपंचायतीने आरोग्य केंद्राकडून मिळालेला खुलासा सूचनाफलकावर लावावा. संदेश पुढे धाडण्यास क्षण पुरतो; त्याचे परिणाम मात्र एखाद्या बालकाला भोगावे लागतात, याचे भान प्रत्येकाने राखणे अगत्याचे आहे.