इसार झाला, खरेदी बाकी

शिरगावात माझी खानावळ आहे. गुरुवारी प्रतिशिर्डीला भाविकांची रीघ लागते, पण माझं पोट भाविकांवर चालत नाही. ते चालतं तळेगाव एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या पोरांवर. लातूर, बीड, यवतमाळ, अलीकडे बिहार-ओडिशा. कोणाचा डबा सुरू झाला नि कोणाचा बंद झाला, याची वही मी २००८ पासून ठेवते. मागे एकदा ती निवांत चाळली, तेव्हा दिसलं की डबे वाढल्या-घटल्याच्या तारखांमागे कधी दिल्ली आहे, कधी बीजिंग, कधी सोल. बारावी शिकलेल्या बाईने परराष्ट्र धोरणावर लिहू नये, असं आमच्या थोरल्याचं मत आहे. तो इंजिनिअर आहे. तरी लिहिते.

१. इसार म्हणजे खरेदीखत नव्हे

जमिनीचा व्यवहार केलेला कोणीही हे जाणतो. इसार पावती झाली की उतावळा पेढे वाटतो. शहाणा माणूस खरेदीखत नोंदवून, फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर नाव चढेपर्यंत तोंड उघडत नाही. मला हे ठाऊक होतं. तरी २०२० मध्ये मी पेढेच वाटले म्हणायचे.

जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. २०१७ संपता संपता कंपनीने भारतात गाड्या विकणं थांबवलं; तळेगावात बनणाऱ्या गाड्या मेक्सिकोकडे नि दक्षिण अमेरिकेकडे जात राहिल्या. जानेवारी २०२० मध्ये बातमी आली, ग्रेट वॉल मोटर्स ही चिनी कंपनी हा कारखाना घेणार. आणि १५ जून २०२० ला राज्य सरकारने तिच्याशी ३,७७० कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचा सामंजस्य करार केला. लॉकडाऊनने माझे डबे नऊवर आणले होते. मी दुसऱ्याच दिवशी सकाळी गवंड्याला बोलावून परसात दोन खोल्यांची आखणी करून घेतली. दुपारी टीव्हीवर गलवानची बातमी लागली. करार झाला त्याच रात्री तिकडे चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत आपले २० जवान शहीद झाले होते.

आठवड्याभरात राज्य सरकारने चिनी कंपन्यांबरोबरचे करार ‘जैसे थे’ ठेवल्याचं सांगितलं. ‘जैसे थे’ म्हणजे मोडला नाही ना, अशी मी माझी समजूत घातली. पाऊस सरल्यावर भिंती उभ्या केल्या. इथे चूक दुसऱ्या कोणाची नव्हती, माझीच होती.

कारण खरी गोम त्याच्या आधीची. चीनच्या मध्यवर्ती बँकेचा एचडीएफसीमधला हिस्सा एक टक्क्याच्या वर गेल्याचं उघड झालं, बराच गवगवा झाला, आणि १७ एप्रिल २०२० ला केंद्राने नियम बदलला: ज्या देशाची जमिनीवरची हद्द आपल्याला लागून आहे, तिथून येणाऱ्या गुंतवणुकीला आधी केंद्राची परवानगी हवी. म्हणजे मुंबईत करार झाला तेव्हा दिल्लीने दाराला कुलूप घालून दोन महिने होत आले होते. ही बातमी मी ऐकली होती. पण चीन म्हटलं की डोळ्यांपुढे लडाख येतो, आपलं परस येत नाही.

कारखान्यातलं उत्पादन २४ डिसेंबर २०२० ला थांबलं. परवानगीची वाट पाहता पाहता तो सौदा २०२२ च्या जूनअखेरीस बारगळला.

२. बांधावरची बाचाबाची आणि डोकं फुटणं, यात फरक आहे

याच जनरल मोटर्सचा गुजरातमधला हालोलचा कारखाना २०१७ मध्ये चीनच्या एसएआयसीकडे गेला. त्याच वर्षी डोकलामला आपलं नि त्यांचं सैन्य दोन महिन्यांहून जास्त आमनेसामने उभं होतं, पण सौदा अडला नाही. आज रस्त्यावर एमजीच्या गाड्या दिसतात त्या त्यातल्या. बांधावर शिवीगाळ झाली तरी गावात देणंघेणं चालू राहतं; रक्त सांडलं की पाणीसुद्धा बंद होतं. तीन वर्षं आधी आली असती तर चिनी कंपनी बहुधा तळेगावातही नांदली असती. चांगलं झालं असतं की वाईट? वीस पोरं गेल्यावर तो कारखाना त्यांना द्यायला नको होता, असंच मला वाटतं. माझ्या भिंती उघड्या राहिल्या, तरीही.

३. विजयस्तंभ बघताना खालचा मजकूरही वाचावा

तालुक्याचं गाव वडगाव. उताऱ्यासाठी, दाखल्यासाठी तिथे खेटे घालावेच लागतात. एकदा सर्व्हर बंद होता म्हणून महादजी शिंद्यांच्या स्मारकापाशी जाऊन बसले. सासरे, म्हणजे आमचे मामा, वडगावची लढाई रंगवून सांगायचे, ते आठवलं.

इंग्रजांची मुंबईची फौज राघोबादादांना पेशवाईवर बसवायला घाट चढून आली. तेव्हाची उगवती सत्ता तीच. हजारोंनी बैल, तोफा, सामानाचं लटांबर. चाल अशी की मुंगी पुढे जावी. वाटेत कार्ल्याजवळ त्यांचा कॅप्टन स्टुअर्ट, आपल्या लोकांनी ज्याला इष्टुर फाकडा म्हटलं, तो पडला. शत्रू असून त्याच्या शौर्याची आठवण मावळाने ठेवली, हे मला फार आवडतं. ९ जानेवारी १७७९ ला फौज तळेगावात पोचली तर तळेगाव ओस. दाणागोटा मराठ्यांनी आधीच हलवला, जाळला. पुण्याची वाट पुढे अठरा-वीस मैल, आणि खायला काही नाही. ११ तारखेच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या नि मागे फिरले. वडगावात कोंडले गेले. १६ जानेवारीला तह झाला: साष्टीसह १७७३ पासून घेतलेला मुलूख परत, राघोबा शिंद्यांच्या हवाली, बंगालहून निघालेली फौज माघारी, आणि हमी म्हणून दोन इंग्रज ओलीस.

मामांची गोष्ट इथे संपायची. पुढचं मी नंतर वाचलं. कलकत्त्याला गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने तो तह मानलाच नाही. सही करणाऱ्यांना तेवढा अधिकारच नव्हता म्हणे. बंगालची फौज गॉडर्डच्या हाताखाली येत राहिली, राघोबा पुन्हा निसटून इंग्रजांकडे गेला, आणि १७८२ मध्ये सालबाईला खरा तह झाला तेव्हा साष्टी इंग्रजांकडेच राहिली. वडगावचा कागद म्हणजे इसारच होता. सही वडगावात, मालक कलकत्त्यात. २०२० मध्येही तेच: सही मुंबईत, मालक दिल्लीत.

मराठे लढाई जिंकले यात शंका नाही. तळेगाव रिकामं करायची अक्कल तर मला लढाईपेक्षाही मोठी वाटते. आज ज्याला पुरवठा साखळी म्हणतात, ती त्यांनी दहा-बारा दिवसांत तोडून दाखवली. पण समोरच्याच्या सहीला त्याच्या घरात किती किंमत आहे, हे कोणी तपासलं नाही, किंवा तपासून उपयोग नव्हता.

४. दुसरं गिऱ्हाईक दाखवावं, पण बेताने

भाजीवाला भाव सोडेना की मी सोमाटण्याच्या भाजीवाल्याचं नाव काढते. नाना फडणवीसांनीही काढलं होतं. १७७७ मध्ये सेंट ल्यूबिन नावाचा फ्रेंच माणूस पुण्यात आला. नानांनी त्याचा असा मान केला की इंग्रजांच्या पोटात गोळा यावा. आला. पण त्या भीतीतूनच हेस्टिंग्जने बंगालची फौज देशावरून इकडे पाठवायचं ठरवलं, आणि त्या फ्रेंचाच्या हाती तर देण्यासारखं काही नव्हतंच. आज आपण रशियाकडून तेल घेतो, अमेरिकेकडून विमानं घेतो, चीनबरोबर ब्रिक्समध्ये बसतो नि चीनकडे नजर ठेवून क्वाडमध्येही बसतो. मला हे योग्य वाटतं. एकाच दुकानात खातं ठेवणारा मेला. मात्र सोमाटण्याच्या गाळ्यावर खरंच भाजी आहे ना, हे एकदा जाऊन बघावं लागतं.

५. शेजाऱ्याच्या इसाराचाही हेवा करू नये

सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा चिपचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला. दीड लाख कोटींचा आकडा. खानावळीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता, एका पोराने तर चिडून ताट सरकवलं. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. तोही सामंजस्य करारच होता.

६. आपल्याकडूनही काही जातं

आम्ही कायम ‘कोण येणार’ एवढंच विचारतो. तळेगावातच एल अँड टीच्या कारखान्यात पिनाका रॉकेटचे लाँचर बनतात. एका बाजूला अझरबैजान, दुसऱ्या बाजूला तुर्कस्तान अशा कात्रीत सापडलेल्या अर्मेनियाने २०२२ मध्ये पिनाका घ्यायचा करार भारताशी केला. तो देश नकाशात शोधायला मला थोरल्याची मदत लागली. इकडे लोणावळ्याला आयएनएस शिवाजी १९४५ पासून आहे. आपल्या नौदलाचे इंजिनिअर तिथे घडतात, आणि मित्रदेशांचे नौसैनिकही शिकून जातात. असे दोघे एकदा लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीच्या दुकानापुढे माझ्या शेजारी उभे होते. दुकानदाराने चव बघायला तुकडे दिले, त्यांनी चार किलो घेतली. त्यांच्या देशाची बोट उद्या कुठल्या बंदरात बंद पडली, तर ती दुरुस्त करणाऱ्याला लोणावळ्याचा पाऊस आठवेल. हा करार कुठल्या कागदावर नाही, म्हणून बातमीतही नाही.

७. नाव चढल्यावरच स्लॅब

१६ ऑगस्ट २०२३ ला ह्युंदाईने तळेगावचा तो कारखाना विकत घ्यायचा करार केला. कोरियाची हद्द आपल्याला लागून नाही, भांडण नाही, शिवाय चेन्नईजवळ त्यांचा संसार जुना. गवंड्याचा फोन आला, “काकू, आता करायचं का?” मी नाही म्हटलं. थोरला हसला. दोन वर्षं वाट पाहिली. २०२५ च्या शेवटाला तळेगावात बनलेली नवी व्हेन्यू बाजारात आली. त्या महिन्याला वहीत ३४ डबे आहेत, त्यातले सहा नवे, सगळे कंत्राटी. वर्षभराचं काम असलेला त्यात एकच.

परसातल्या दोन खोल्यांवर अजून पत्राच आहे.