माडीतल्या यीस्टला ‘आता दोन हो’ असं कोण सांगतं?

प्रश्न : मडक्याला आतून चुना लावला नाही, तर नीरा माडावरच फेस धरते आणि दुपारपर्यंत तिची माडी होते. हे यीस्टचं काम, एवढं शाळेत शिकलो. पण यीस्ट म्हणजे एकच पेशी. तिला मेंदू नाही, डोळे नाहीत. एकीच्या दोन कधी व्हायचं, हे ती कशी ठरवते? आणि एवढ्याशा जिवाच्या विभाजनावर नोबेल पारितोषिक मिळण्यासारखं काय आहे?
— एक वाचक, भाट्ये, रत्नागिरी

उत्तर : ठरवणारा असा कोणी एकटा पेशीत बसलेला नसतो. काही प्रथिनं विभाजनाला अडवतात, काही मोकळीक देतात. पेशी वाढते तशी मोकळीक देणारी बाजू वरचढ होत जाते आणि एका क्षणी विभाजन सुरू होतं.

आधी तुमच्या मडक्यात काय चालतं ते पाहू. नीरेतल्या साखरेवर वाढणाऱ्या यीस्टमध्ये मुख्य असतं ते सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. पाव फुगवणारं यीस्टही याच जातीचं. पोयीवर, हवेत, जुन्या मडक्याच्या भेगांत ते असतंच, म्हणून वेगळं विरजण लावावं लागत नाही. भरपूर अन्न आणि ३० अंश सेल्सिअसच्या आसपासची ऊब मिळाली की सुमारे दीड तासात एका पेशीच्या दोन होतात. पेशीला बारीक फुगवटा येतो, म्हणजेच मुकुल. तो वाढतो आणि वेगळा होतो. मात्र तेवढ्या वेळात कामं ठरल्या क्रमानेच उरकावी लागतात. पुरेसं वाढायचं, १६ गुणसूत्रांची प्रत्येकी एकच प्रत काढायची, दोन्ही संच दोन बाजूंना ओढायचे आणि शेवटी मधली वाट बंद करायची. प्रती पुऱ्या व्हायच्या आत ओढाओढ सुरू झाली, तर पेशीच्या जिवावर बेतते.

हा क्रम कोण सांभाळतं, याचा शोध अमेरिकेतल्या लेलँड हार्टवेल यांनी १९७०च्या सुमारास घ्यायला सुरुवात केली. त्यांची युक्ती साधी होती. २३ अंशांना ठणठणीत वाढणारं, पण ३६ अंशांना ठप्प होणारं, जनुकात बिघाड झालेलं यीस्ट त्यांनी निवडून काढलं. मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, की ऊब वाढवल्यावर पेशी नेमक्या कुठे थांबतात. सगळ्या पेशी मुकुलाच्या एकाच अवस्थेत अडकल्या, तर त्या बिघडलेल्या जनुकाचं काम तिथेच असणार. अशी अनेक जनुकं सापडली. त्यातलं सीडीसी-२८ हे जनुक अगदी पहिल्याच टप्प्यावर, विभाजनाची फेरी सुरू होण्यापाशी लागतं.

ब्रिटनमधल्या पॉल नर्स यांनी दुसरं यीस्ट घेतलं, शायझोसॅकरोमायसिस पोंबे. याला मुकुल फुटत नाही. कांडीसारखी पेशी लांब होते आणि मधोमध दुभंगते. एडिंबरोत काम करताना त्यांना सुमारे निम्म्या आकाराच्या असतानाच विभागणाऱ्या पेशी दिसल्या. आजारी पेशी उशिरा विभागते, यात नवल नाही. पण ही घाई करत होती. म्हणजे एरवी तिला थांबवून ठेवणारं काहीतरी तुटलं होतं. ते निघालं वी-१ नावाचं प्रथिन.

त्याची करामत अशी. विभाजन सुरू करणारं मुख्य विकर म्हणजे सीडीसी-२. हार्टवेल यांच्या सीडीसी-२८चाच हा पोंबेमधला जोडीदार. वी-१ हे या विकरावर एक फॉस्फेट चिकटवतं आणि दाराला अडसर घातल्यासारखं ते बंद पडतं. सीडीसी-२५ हे प्रथिन तो अडसर काढतं. पेशी मोठी होईल तसं सीडीसी-२५ वाढत जातं. थोडंसं सीडीसी-२ जागं झालं की ते स्वतःच सीडीसी-२५ला जोर देतं आणि वी-१ला नमवतं. त्यामुळे पेशी अर्धवट अवस्थेत रेंगाळत नाही. ती एक तर थांबते, नाही तर पुरती पुढे जाते.

पण सुरू झालेलं थांबणार कसं? त्याचं उत्तर टिम हंट यांना १९८२मध्ये सी अर्चिन या काटेरी समुद्रजीवाच्या अंड्यांत सापडलं. तिथे एक प्रथिन हळूहळू साठायचं आणि प्रत्येक विभाजनाच्या वेळी एकदम नाहीसं व्हायचं. हे सायक्लिन. त्याची जोड मिळाल्याशिवाय सीडीसी-२ काम करत नाही. विभाजनाच्या शेवटी पेशी सायक्लिनवर नाशाची खूण लावून ते तोडून टाकते. विकर पुन्हा निपचित होतं आणि नवी फेरी शून्यापासून सुरू होते.

तुमच्या माडीतलं यीस्ट मोठा निर्णय याहून लवकर, डीएनएच्या प्रती काढण्याआधीच घेतं. तिथे अडवणारं प्रथिन डब्ल्यूएचआय-५ आणि त्याला बाजूला सारणारं सायक्लिन सीएलएन-३. अन्न तुटलं की सीएलएन-३ घटतं आणि पेशी फेरीत पाऊलच टाकत नाही.

मग नोबेल कशासाठी? कारण हे यीस्टपुरतं नाही. १९८७मध्ये मेलनी ली आणि नर्स यांनी सीडीसी-२ बिघडलेल्या यीस्टमध्ये माणसाची जनुकं सोडली. त्यातल्या एका जनुकाने यीस्ट पुन्हा विभागू लागलं. माणूस आणि यीस्ट यांच्या वाटा फुटून अब्जाहून अधिक वर्षं झाली, तरी हा भाग परस्परांत चालतो. हार्टवेल, हंट आणि नर्स यांना २००१चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

कर्करोगात पेशी भलत्या वेळी विभागत राहतात, म्हणून हे ज्ञान थेट औषधापर्यंत पोहोचलं. सीडीसी-२च्या कुळातल्या सीडीके-४ आणि सीडीके-६ या मानवी विकरांना रोखणाऱ्या पाल्बोसिक्लिबला २०१५मध्ये अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. आपल्याकडे खारघरला, टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक केंद्रात सीडीसी-२५च्या मानवी भावंडावर आणि त्याला रोखून धरणाऱ्या १४-३-३ प्रथिनांवर संशोधन झालं आहे. डीएनए तुटलं, तर ही प्रथिनं सीडीसी-२५ला केंद्रकाबाहेर अडकवून ठेवतात. अडसर तसाच राहतो आणि दुरुस्तीला वेळ मिळतो.

हे घरी पाहता येईल का? प्रथिनं दिसणार नाहीत, पण निर्णय दिसतो. शाळेतला ४०० पट मोठं दाखवणारा सूक्ष्मदर्शक पुरे. बेकरीतलं सुकं यीस्ट चिमूटभर घेऊन कोमट उसाच्या रसात घाला. लगेच एक थेंब काचपट्टीवर पाहिलात, तर बहुतेक पेशी मुकुलाविना दिसतील. तीन तासांनी पाहा, मुकुल फुटलेल्या पेशी वाढलेल्या असतील. रस झाकून ठेवा आणि दोन दिवसांनी पुन्हा मोजा. अन्न संपत आलं असेल, तर सुरू झालेली विभाजनं पुरी करून पेशी पुढच्या फेरीच्या अलीकडेच थांबतात, म्हणून मुकुलाविना पेशी पुन्हा जास्त दिसतील. प्रत्येक वेळी किमान २०० पेशी मोजा. फरक किरकोळ निघाला, तर अजून साखर शिल्लक आहे असं समजा आणि आणखी एक दिवस थांबून मोजा.