टाक्यांची वही

सुमे, ऑपरेशनच्या जखमांवर नजर ठेवायचं काम तुझ्या गळ्यात पडलं म्हणे. तोंड पाडू नकोस. लॅब नाही, संगणक नाही, तरी जमतं. एक वही, एक फोन आणि चिवटपणा पुरतो. चिवटपणा तर तुझ्यात पाळण्यापासून आहे.

१. आधी फक्त सिझर धर — सगळीच ऑपरेशनं मोजायला निघालीस तर महिन्याभरात वही कपाटात जाईल.

२. रोज सकाळी ओटीच्या रजिस्टरवरून प्रत्येकीचं नाव उतरव, चिघळलेलीचं तेवढं नको — चौघींना पू झाला तो विसांत की दोनशेंत, यावरच सगळं ठरतं.

३. संसर्ग कशाला म्हणायचं ते लिहून ड्रेसिंगच्या ट्रॉलीला चिकटव: चिऱ्यातून पू, किंवा दुखते-सुजते म्हणून डॉक्टरांनी मुद्दाम उघडलेली जखम. टाक्याच्या भोकापाशी थेंबभर ओल आली तर ती मोजू नकोस — माप बदलत राहिलं की मागच्या महिन्याशी ताळा लागत नाही.

४. ३० दिवस पिच्छा सोडू नकोस (पुढे हाडांची ऑपरेशनं घेशील तेव्हा प्लेटवाल्यांचा ९०) — पू बहुतेकदा घरी गेल्यावर धरतो. माझी वही एकदा तीन महिने कोरी होती आणि मी खुशीत होते. मग एक बाळंतीण बाळाला दीड महिन्याच्या लशीला घेऊन आली. पोटाला जुन्या धोतराची घडी बांधलेली, वास दारापर्यंत. दोन आठवडे गावातल्या डॉक्टरांकडे ड्रेसिंग चालू होतं. आम्ही विचारलंच नव्हतं. न विचारलेली जखम वहीत नेहमी बरी असते, बाळा.

५. फोन नंबर दोन घे, एक तिच्या आईचा — बाळंतीण माहेरी आणि नवऱ्याचा फोन शेतात.

६. "जखम बरी आहे ना?" असं विचारू नकोस — ती "हो" म्हणून मोकळी होते. कपड्याला डाग पडतो का, वास येतो का, ताप आला का, दुसऱ्या कुणी टाके उघडले का, असं एकेक विचार.

७. आशाताईंशी गोडी ठेव — त्या बाळासाठी ४२व्या दिवसापर्यंत घरी जातातच, जाता जाता आईच्या टाक्यांवरही नजर टाकतील.

८. अँटिबायोटिक "दिलं" एवढंच नको, वेळ लिही — ते चिऱ्याच्या आधी, १२० मिनिटांच्या आत जायला हवं.

९. वस्तरा ओटीबाहेर, केस काढायचेच तर मशीनने कापा — ओरखड्यांतून जंतू शिरतात.

१०. आकडा दर महिन्याला सरांपासून ओटीतल्या मावशींपर्यंत सगळ्यांना दाखव, पण बोट कुणाकडे नको — घाबरलेला वॉर्ड पू लपवतो. सुरुवातीला आकडा चढेल. तू विचारायला लागलीस म्हणून चढेल, हे सरांच्या कानावर आधीच घाल.

११. वहीला दोरीने पेन बांध — रात्रपाळीला पेन सापडलं नाही की नोंद सकाळवर जाते, आणि सकाळी बाळंतीण घरी गेलेली असते.